वेबसाइटवर बोलकी बाहुली बसवावी का? (साड्यांचं दुकान, इंदूर)

रामबागकर

नमस्कार मंडळी. शीतलामाता बाजारात आमच्या काकांचं साड्यांचं दुकान आहे. मुख्य माल माहेश्वरी, थोडी चंदेरी. लॉकडाउनमध्ये घाईघाईत वेबसाइट काढली, ती अजून तशीच चालू आहे. ऑर्डरी येतात, बहुतेक पुणे-मुंबई-बंगळूरच्या मराठी घरांतून, सणावारी परदेशातूनही.

आता एक एजन्सीवाला काकांच्या मागे लागलाय. म्हणतो, साइटवर ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ बसवून देतो. म्हणजे कोपऱ्यात एक हलती बाई. पान उघडलं की हात जोडून नमस्ते म्हणणार, डोळे मिचकावणार, माउस जिकडे जाईल तिकडे बघणार, आणि ‘मी आपल्याला काय दाखवू?’ विचारणार. हिंदी आणि इंग्रजी बोलते, मराठी ‘लवकरच’. बसवायचे पैसे वेगळे, मग दरमहा भाडं.

काका जवळपास तयार आहेत, कारण बाजारातल्याच, शेजारच्या दुकानाने याच्याकडूनच बसवली आहे. मला मात्र ती बाई बघून कसंसंच होतं, पण का ते काकांना पटवता येत नाही. साइटचा हिशोब मी बघतो, त्यामुळे शेवटी निर्णय माझ्याच गळ्यात पडणार. कोणी वापरून बघितलंय का? दुकानदार म्हणून किंवा ग्राहक म्हणून? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सराफ्यातला उल्लू

पहिला प्रश्न: बाईने साडी कोणती नेसली आहे?

रामबागकर

@सराफ्यातला उल्लू, हसू नका, काकांनीही सगळ्यात आधी हेच पाहिलं. डेमोतल्या बाईच्या अंगावर दक्षिणेकडची वाटावी अशी जरीच्या रुंद काठाची साडी होती. काका म्हणाले, हिला आधी आमची नेसवा. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, पदरावर पाच पट्टे असतात, हे दिसलं पाहिजे. एजन्सीवाला म्हणाला, कस्टम कपड्यांचे पैसे वेगळे.

सराफ्यातला उल्लू

भिया, हे तर दुकानातल्या पुतळ्यापेक्षा महाग पडलं.

सुपरकॉरिडॉरवासी

मी याच धंद्यात आहे (साड्यांच्या नाही, सॉफ्टवेअरच्या), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा प्रकार मुळीच नवा नाही. मायक्रोसॉफ्टने ऑफिस ९७ मध्ये ती डोळेवाली कागदाची पिन आणली होती, आठवत असेल. तुम्ही पत्राचा मायना टाइप केलात की ती उडी मारून यायची आणि ‘पत्र लिहिताय वाटतं, मदत करू?’ म्हणायची. गंमत अशी की तिच्यामागचं संशोधन चांगलं होतं. एरिक हॉर्विट्झ यांच्या गटाने माणूस कुठे अडलाय हे त्याच्या हालचालींवरून, संभाव्यतेच्या गणिताने ओळखायचा प्रयत्न केला होता. बाजारात आलेल्या ऑफिसमध्ये मात्र बाईसाहेब कधी उगवणार हे बरंचसं साध्या नियमांवर ठरायचं. त्यामुळे ज्याला मदत नको त्यालाही ती तेच विचारायची, आणि नको म्हणून हाकलली तरी पुढच्या वेळी परत यायची. २००१ च्या ऑफिस एक्सपीत ती मुळातच बंद करून दिली आणि ऑफिस २००७ मध्ये काढूनच टाकली.

त्याच सुमारास आस्क जीव्ज नावाचं शोधयंत्र होतं, त्यावर एक सुटाबुटातला बटलर उभा असायचा. त्यालाही २००६ मध्ये निवृत्त केलं. आयकियाच्या साइटवर ॲना नावाची चित्रातली बाई बरीच वर्षं सोफे कुठे आहेत ते सांगत होती, तीही गेली. या सगळ्यांचं चित्र बरं होतं. अडचण चित्राच्या मागे होती: विचारलेलं कळत नव्हतं, किंवा कळलं तरी सांगण्यासारखं फारसं नव्हतं.

आता तांत्रिक बाजू. पूर्वी असल्या बाहुल्या फ्लॅशमध्ये बनायच्या. ॲडोबीने २०२० च्या डिसेंबरअखेर फ्लॅशच बंद केलं, त्यामुळे जुन्या सगळ्या मेल्या. आज तीन रस्ते आहेत. पहिला, आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओ क्लिपा, ठरावीक वाक्यं बोलणाऱ्या. दिसायला छान, पण जड, आणि एक वाक्य बदलायचं तरी पुन्हा पैसे. दुसरा, लॉटी नावाच्या पद्धतीचं हलतं रेषाचित्र. एअरबीएनबी कंपनीने २०१७ मध्ये हे मोफत खुलं केलं. त्यात हालचाल मजकूर म्हणून साठवलेली असते, म्हणून फाइल हलकी. (नाव सावल्यांचे चित्रपट करणाऱ्या लोटे रायनिगर या जर्मन बाईंवरून ठेवलंय, हे उगीच अवांतर.) तिसरा, जिवंत बोलणारी: उत्तर तिथल्या तिथे तयार होतं, त्याचा आवाज बनतो आणि आवाजाप्रमाणे ओठ हलतात. ओठांना प्रत्येक अक्षराचा वेगळा आकार लागत नाही. प, ब, म तिन्हीला ओठ मिटतात, एकच चित्र पुरतं. अशा थोड्याच आकारांवर भागतं.

@रामबागकर, तुम्हाला कोणता रस्ता विकतायत ते आधी विचारा. आणि दुसरं: बाईच्या डोक्यात काय भरणार आहेत, कोण भरणार आहे, आणि माल संपला की तिला कोण कळवणार आहे?

तुळशीबागेतून

ग्राहक म्हणून लिहिते. मी ऑनलाइन साड्या नेहमी घेते. फोनवर या बाहुल्या नेमक्या ‘कार्टमध्ये टाका’च्या बटणावर येऊन बसतात. फुली इतकी बारीक असते की ती दाबायला गेलं की बाहुलीच उघडते. एका साइटवर तर बाई बोलायलाच लागली, रात्री, शेजारी मूल झोपलेलं. मी टॅब बंद केला, साडी राहिली ती राहिलीच.

सुपरकॉरिडॉरवासी

@तुळशीबागेतून, म्हणूनच क्रोमने २०१८ पासून पान उघडल्या उघडल्या आपोआप आवाज सुरू करायला आडकाठी घातली. पण तुम्ही पानावर कुठेही एकदा बोट लावलंत की तिला बोलायची मोकळीक मिळते. तुम्ही रंग बघायला बोट लावता आणि ती बोलायला लागते, ते यामुळे.

हळूहळू

मला चक्करीचा जुना त्रास आहे. वाचताना नजरेच्या कडेला काही हललं की मळमळतं. लोकांना हे नाटक वाटतं, पण असे बरेच जण असतात. वेबसाइटच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत (डब्ल्यूसीएजी) त्यांत हे स्पष्ट लिहिलंय: मजकुराशेजारी एखादी गोष्ट आपोआप हलायला लागली आणि पाच सेकंदांहून जास्त हलत राहिली, तर ती थांबवायची किंवा लपवायची सोय पाहिजे. आपोआप सुरू झालेला आवाज तीन सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल तर तो बंद करायची सोय पाहिजे. शिवाय फोनमध्ये ‘हालचाल कमी करा’ अशी सेटिंग असते. मी ती लावून ठेवलेली असते आणि वेबसाइटला ती वाचता येते. वाचतंय कोण!

आमचे बाबा डोळ्यांनी अगदी कमी पाहतात, फोनमधलं टॉकबॅक त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतं. एकीकडे टॉकबॅकची बाई बोलतेय, दुसरीकडे वेबसाइटची. बाबा म्हणतात, दोघींचं आधी मिटू दे, मग मला सांगा.

सराफ्यातला उल्लू

बाबांना साष्टांग.

राजवाड्यामागे

सगळे एका बाजूने बोलतायत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आधीच सांगतो, मी वेबसाइटी बनवतो, पण रामबागकरांकडे गेलेला तो मी नव्हे.

सगळ्यांना वाचायची सवय नसते. आमच्याकडे मालव्यातल्या गावांतून ग्राहक येतात. त्यांना मेनू, फिल्टर, किमतीची पट्टी सरकवा, हे जमत नाही. पण कोणी विचारलं की ‘किती रुपयांपर्यंतची बघू?’ तर लगेच सांगतात. दुकानात काका काय करतात? गिऱ्हाईक पायरी चढलं की आधी बसवतात, पाणी देतात, मग विचारतात कोणासाठी, कशासाठी. वेबसाइटवर यातलं काहीच नसतं, थेट गोदामात नेऊन सोडतात. बाहुली निदान विचारते तरी.

आणि चेहऱ्याचा परिणाम होतो हे काही एजन्सीवाल्यांनी काढलेलं नाही. स्टॅनफर्डमधले बायरन रीव्ह्ज आणि क्लिफर्ड नास यांनी नव्वदच्या दशकात प्रयोग करून दाखवलं की माणसं कॉम्प्युटरशीही माणसासारखी वागतात, त्याला नकळत मान देतात, त्याची भीड ठेवतात. रेल्वेच्या तिकिटांच्या साइटवरची ‘दिशा’ २०१८ पासून आहे, हिंदीत बोलते, तिकीट काढायला मदत करते. लोक वापरतातच ना?

सुपरकॉरिडॉरवासी

@राजवाड्यामागे, पाण्याचा मुद्दा मान्य. पण भीड ठेवतात हे दुधारी आहे. माणसासारखी दिसली की माणसाइतकी अपेक्षा होते, आणि मग ‘क्षमा करें, मैं समझी नहीं’ तिसऱ्यांदा ऐकलं की राग दुप्पट येतो. साध्या शोधाच्या खिडकीवर कोणी असं चिडत नाही.

रामबागकरांना कसंसं होतं, त्याचंही कारण आहे. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी रोबोतज्ज्ञाने १९७० मध्ये लिहिलंय की आकृती माणसासारखी होत गेली की ती आवडत जाते, पण अगदी माणसाजवळ पोचून थोडी कमी पडली की एकदम भीतीदायक वाटते. कार्टून चालतं, माणूस चालतो, मधलं चालत नाही. माउसमागे डोळे फिरवणारी बाई बरोब्बर त्या मधल्या खड्ड्यात पडते.

आणि दिशा चालते कारण तिच्यामागे गाड्यांची वेळ, पीएनआर, परतावा, सगळं पक्कं बांधलेलं आहे. तिला फोटोतला राणी रंग प्रत्यक्षात किती गडद हे कोणी विचारत नाही.

माहेरची खरगोण

रंगाचं निघालं म्हणून. माहेश्वरीत ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा) सुताचा असला की उजेडात रंग फिरतो, एकाच साडीत दोन छटा दिसतात. माझ्या आत्तेने महेश्वरला रेहवा या हातमागाच्या संस्थेत काम केलंय (ती १९७९ मध्ये होळकर घराण्यातल्या मंडळींनी सुरू केली). तिला कोणी फोटो दाखवून रंग विचारला की ती म्हणायची, खिडकीत घेऊन जा. बाहुलीला खिडकी कुठली!

पलासियातला वकील

कोणी विचारलं नाही, तरी लिहितो.

बाहुली जे बोलेल ते दुकान बोललं असंच धरलं जाईल. २०२४ च्या फेब्रुवारीत कॅनडात असं प्रकरण झालं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला, घरात मृत्यू झाल्यावर मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. कंपनीने काय म्हणावं, तर चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे! ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने ते उडवून लावलं आणि भरपाई द्यायला लावली. रक्कम लहान होती, पण मुद्दा लहान नाही. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण उद्या तुमच्या बाहुलीने सूत-रेशमी साडीला ‘शुद्ध रेशीम’ म्हटलं तर ग्राहक आयोगात ‘ते बाहुली म्हणाली’ हे उत्तर चालेल असं समजू नका.

आणखी दोन गोष्टी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर पाहिजे, तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. साइटवर ग्राहकाने बाहुलीपाशी केलेली तक्रार कुणाच्याच वाचनात आली नाही तर काय कराल? दुसरं, ती नंबर विचारते का? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा सांगतो की माहिती कशासाठी घेताय ते आधी सांगून संमती घ्यायची, आणि ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा. बावीस भाषा आहेत, मराठी त्यात आहे. ‘मराठी लवकरच’ म्हणणाऱ्याला हे विचारून बघा.

रामबागकर

सगळ्यांचे आभार. या निमित्ताने मी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न बसून वाचले. जे वरचेवर येतात ते असे: यात सूत किती, रेशीम किती. फोटोतला रंग तसाच आहे का. ब्लाउज पीस आहे का. फॉल-पिको करून मिळेल का. गणपतीच्या आत पोचेल का. आणि नऊवारी लांबी आहे का, हा इतक्या जणींनी विचारला असेल असं मला वाटलंच नव्हतं.

यातल्या एकाचंही उत्तर साइटवर नाही! आमच्या मेनूत काय आहे, तर ‘नवीन माल’, ‘स्पेशल कलेक्शन’, ‘प्रीमियम’ आणि ‘इतर’. काकांनी दुकानातल्या कपाटांची नावं तशीच दिली होती. दुकानात चालतं, कारण तिथे काका आहेत.

तुळशीबागेतून

‘स्पेशल’ आणि ‘प्रीमियम’मध्ये फरक काय?

रामबागकर

काकांना माहीत.

सुपरकॉरिडॉरवासी

मग बाहुली याच चार कपाटांतून शोधणार. पोहे शिळे असले तर वरून कितीही जीरावण (आपला इंदुरी मसाला) टाका!

माझं ऐकाल तर आधी मेनू बदला. धागा, काठ, किंमत, लांबी. काठात चटई, ईंट, चमेली, हिरा अशी नावं असतात ना? तीच द्या, ग्राहक त्याच नावांनी शोधतात. प्रत्येक साडीखाली सूत-रेशमाचं सांगा, आणि एक फोटो दिव्यात, एक खिडकीत. वरचे सगळे प्रश्न एका पानावर, उत्तरं काकांच्या शब्दांत. हे झाल्यावर बाहुली लावायची तर लावा, तिला निदान वाचायला काही मिळेल.

शोधाच्या खिडकीचंही बघा. लोक मराठी बोलतात पण टाइप करतात रोमन अक्षरांत, त्यात निम्मी हिंदी. ‘नऊवारी’ पाच प्रकारे लिहितात. ते पाचही प्रकार एकाच ठिकाणी पोचले पाहिजेत.

राजवाड्यामागे

हे बरोबर आहे, मी विरोध करत नाही. पण मेनू बदलायला काका पैसे देणार नाहीत, बाहुलीला देतील. मेनू दिसत नाही ना! बाहुली शेजारच्या दुकानदाराला दाखवता येते. मी या धंद्यात असून सांगतो, अर्ध्या बाहुल्या ग्राहकासाठी नसतातच, मालकासाठी असतात. तेव्हा बाहुलीच्या निमित्ताने मेनूचं काम करून घ्या, एकाच बिलात.

सराफ्यातला उल्लू

या धाग्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य.

सुपरकॉरिडॉरवासी

तसं करणार असाल तर करारात काही गोष्टी लिहून घ्या.

बाहुली पान पूर्ण उघडल्यावरच यावी. गूगलच्या हिशोबाने पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे आणि बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत पानाने दाद दिली पाहिजे, तर ते चांगलं. बाहुली बसवण्याआधी आणि नंतर हे आकडे मोजा. मोजायची साधनं फुकट आहेत.

एकदा बंद केली की बंद. पुढच्या पानावर परत हात जोडून उभी नको. @हळूहळू म्हणतात ती ‘हालचाल कमी करा’ सेटिंग पाळलीच पाहिजे. आवाज फक्त ग्राहकाने बटण दाबल्यावर. मराठी आवाज देणार असतील तर तो आधी काकूंना ऐकवा. मी ऐकलेल्यांत हिंदीच्या आवाजालाच मराठी वाचायला लावलेलं होतं, जिथे तिथे ळ चा ल.

आणि अहवाल. महिनाअखेर ‘इतक्या लोकांनी संवाद साधला’ असा कागद येतो. त्यात फुली दाबून बाहुली बंद करणारेही धरलेत का ते विचारा. मी असे अहवाल बघितलेत ज्यांत धरले होते. त्यापेक्षा काही दिवस निम्म्या ग्राहकांना बाहुली दाखवा, निम्म्यांना नको, आणि कोणत्या निम्म्यातून जास्त ऑर्डरी आल्या ते बघा. आधीच्या महिन्याशी तुलना नको, मध्ये राखी-गणपती आले की सगळ्यांचीच विक्री वाढते आणि श्रेय बाहुली घेऊन जाते.

पलासियातला वकील

ग्राहकांचे संवाद कोणाच्या मालकीचे, हेही लिहून घ्या. एजन्सी बदलली तर ते परत मिळाले पाहिजेत आणि त्यांच्याकडून पुसले गेले पाहिजेत. शेजारच्या दुकानाचीही तीच एजन्सी आहे, विसरू नका.

रामबागकर

हा शेवटचा मुद्दा काकांना वाचून दाखवला. पहिल्यांदाच गंभीर झाले.

एजन्सीवाल्याला फोन केला होता. विचारलं, उत्तर माहीत नसेल तेव्हा बाहुली सरळ ‘मला माहीत नाही’ म्हणेल का, आणि ग्राहकाचा प्रश्न जसाच्या तसा आमच्या व्हॉट्सॲपवर पाठवेल का. म्हणाला, ‘सर, ना बोलना कस्टमर को अच्छा नहीं लगता, कुछ तो जवाब देगी.’ मी म्हटलं, हे ‘कुछ तो’च आम्हाला नकोय. तो विचारून सांगतो म्हणालाय.

दरम्यान मेनूचं काम हातात घेतलंय. काकू प्रत्येक साडीचं सूत-रेशीम सांगतायत, मी लिहितोय. ‘स्पेशल’ आणि ‘प्रीमियम’मधला फरक काकूंनाही माहीत नाही असं निघालं.

माहेरची खरगोण

काकूंचाच आवाज रेकॉर्ड करून ठेवा ना प्रत्येक साडीखाली. दहा-पंधरा सेकंदांचा, बटण दाबलं तरच वाजणारा. बाई हलायची गरजच नाही.

हळूहळू

हे बाबांना चालेल. पण खाली तेच लिहूनही ठेवा, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.

राजवाड्यामागे

आवडलं. खर्चही नाही. माझ्या पोटावर पाय आहे, पण आवडलं.

तुळशीबागेतून

ते सगळं चालू द्या, पण मूळ प्रश्न: नऊवारी लांबीत चटई काठ मिळतो का? हिरवा.

रामबागकर

तयार नाही, मागावर सांगून विणवून घ्यावी लागेल. मागवाले वेळ घेतात, गणपतीचं वचन देत नाही. मला वेगळा निरोप पाठवा.

सराफ्यातला उल्लू

ॲडमिन, धाग्यात जाहिरात चालू आहे.

रामबागकर

उत्तर दिलं हो, जाहिरात कसली. @तुळशीबागेतून, बाटली हिरवा की पोपटी?